किंग्जचा ट्रेड तोलायचा तर आधी साल ठरवा

तुमचे प्रश्न तीन आहेत. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला, सॅक्रामेंटो किंग्जसारखा ना वर ना खाली असा मध्येच अडकलेला संघ २०२५ च्या उन्हाळ्यात मोडून नव्याने बांधायला हवा होता का? एखादा ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची देवाणघेवाण, फायद्याचा की तोट्याचा, हे संघाच्या कार्यालयात बसलेली माणसं कशी ठरवतात? आणि संघाचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) डोमांटास सबोनिसला विकायला हवं होतं का? एनबीएमधले करार आणि पगारमर्यादा यांचा हिशेब करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की बाकीचे दोन आपोआप वाटेला लागतात.

ट्रेडची बातमी आली की चाहते दोन्हीकडची नावं समोरासमोर मांडतात आणि कोण भारी ते बघतात. कार्यालयात पहिला प्रश्न वेगळा असतो. या ट्रेडमधून आपल्याला कोणत्या हंगामातले विजय मिळणार, आणि त्या हंगामात आपला बाकीचा संघ तयार असणार का? खेळाडूचं वय, कराराची उरलेली वर्षं, पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, म्हणजे ड्राफ्टमधला, निवडीचा हक्क) कोणत्या सालचा, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या पोटात येतं. धडपडणारे संघ वाईट खेळाडू घेऊन फारसे बुडत नाहीत. चांगला खेळाडू चुकीच्या साली घेऊन बुडतात. किंग्जकडे याची उदाहरणं पोत्याने आहेत.

पण आधी ज्या ट्रेडवरून त्यांना सर्वांत जास्त शिव्या बसतात, त्याबद्दल. फेब्रुवारी २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन इंडियानाला गेले. डोमांटास सबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक सॅक्रामेंटोला आला. (मुंबईकरांना हे दोन संघ आठवत असतील. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातले पहिले एनबीए सामने याच दोघांत झाले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच.) हॅलिबर्टन तेव्हा एकवीस वर्षांचा, नवोदिताच्या स्वस्त करारावर, कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षात. २०२५ मध्ये त्याने इंडियानाच्या पेसर्सना फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं आणि 'किंग्जनी सोनं देऊन पितळ घेतलं' असा गजर सुरू झाला.

मला ते पटत नाही. किंग्ज तेव्हा सलग सोळा हंगाम प्लेऑफबाहेर (म्हणजे हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांबाहेर) राहण्याच्या वाटेवर होते. लीगच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेला नाही. डी'एरन फॉक्स आणि हॅलिबर्टन, दोघंही चेंडू हातात घेऊन खेळ चालवणारे गार्ड. आतून पास देणारा सेंटर नव्हता. सबोनिस आला आणि पुढच्याच हंगामात ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक, लीगमधलं सर्वांत कार्यक्षम आक्रमण, प्रशिक्षक माइक ब्राउनना एकमताने 'कोच ऑफ द इयर'. पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीने ५० गुण ठोकले म्हणून ते घरी गेले. किंग्जनी २०२३ साठी पैसे मोजले आणि २०२३ चा माल मिळाला. इंडियानाने पुढच्या वर्षांसाठी मोजले, त्यांना पुढची वर्षं मिळाली. दोन्ही संघांना जे हवं होतं ते मिळालेला ट्रेड दशकात दोन-चारदाच दिसतो.

गडबड नंतर झाली. ४८ विजयांच्या त्या संघाचा बचाव तळाच्या संघांइतकाच कच्चा होता. २०२३-२४ मध्ये विजय ४६ वर आले, प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यांत, न्यू ऑर्लिन्सकडून हरून प्लेऑफ हुकलं. आता काय करायचं? त्यांनी २०२४ च्या उन्हाळ्यात डीमार डीरोझन आणला. तीन वर्षं, सुमारे ७.४ कोटी डॉलर. वय पस्तिशीला टेकलेलं, थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) कमी मारणारा, बचावात उणा. त्यासाठी हॅरिसन बार्न्सला सॅन अँटोनिओकडे दिलं, ज्याने आधीचे दोन्ही हंगाम ८२ पैकी ८२ सामने खेळले होते आणि जो कोपऱ्यात उभा राहून जागा मोकळी करून देत होता. वर २०३१ च्या पहिल्या फेरीतला पिक अदलाबदल करण्याचा हक्कही दिला, तोही विनाअट.

हा सौदा माझ्या चाळणीतून घालून बघा. मिळणारे विजय कोणत्या सालचे? २०२५ चे, फार तर २०२६ चे. दिलेली किंमत कोणत्या सालची? २०३१ ची. २०२५ मध्ये बाकीचा संघ तयार होता का? फॉक्सने त्याच उन्हाळ्यात कराराची मुदत वाढवायला नकार दिला होता, म्हणजे संघाचं घड्याळ उलटं धावायला लागलं होतं. त्या घडीला डीरोझनसाठी सात वर्षांपुढचा हक्क देणं हा निव्वळ उतावीळपणा होता. डीरोझन वाईट खेळला का? मुळीच नाही. त्याला जेवढं जमतं तेवढं त्याने केलं.

डिसेंबर २०२४ मध्ये १३ विजय, १८ पराभव अशा स्थितीत ब्राउनना काढलं. फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला. त्रिपक्षीय ट्रेडमध्ये किंग्जना शिकागोकडून झॅक लवीन मिळाला, शिवाय पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दुसऱ्या फेरीचे तीन. तीन म्हणताना दम खा: त्यातला शार्लटचा २०२५ चा पिक लॉटरीत (प्लेऑफ हुकलेल्या संघांचे वरचे क्रमांक ठरवणारी सोडत) न गेल्यासच मिळणार होता. शार्लट तळाला होतं, त्यामुळे तो दुसऱ्या फेरीच्या पिकांत विरघळला. कामाचे दोन, सॅन अँटोनिओचा २०२७ आणि मिनेसोटाचा २०३१. फॉक्सच्या बाजूने सॅन अँटोनिओच हवं असं सगळ्या लीगला कळलं होतं. गिऱ्हाईक एकच आहे हे बाजारभर झाल्यावर भाव कोण वाढवणार? तरीही पिकांपुरतं मी किंग्जना दोष देत नाही. माझा आक्षेप लवीनवर आहे. तो करार २०२५-२६ मध्ये ४.७५ कोटी डॉलरचा आणि पुढच्या वर्षी, खेळाडूच्या मर्जीने, ४.९ कोटींचा. लवीन आणि डीरोझन ही जोडी शिकागोने तीन हंगाम चालवून बघितली होती: ४६ विजय, मग ४०, मग ३९. शिकागोने मोडलेली जोडी सॅक्रामेंटोने पुन्हा जुळवली आणि त्यांच्यामागे रिंगजवळ शॉट अडवणारा कुणी ठेवला नाही. हंगाम संपला ४०-४२ वर. आकडे बघून ट्रेड करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, आधी पाच माणसांची नावं कागदावर लिहा आणि प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत चांगला गार्ड कोण अडवणार त्याच्यासमोर खूण करा. या पाचांत खूण करायला जागाच नव्हती.

आता पिकांच्या अटींबद्दल, म्हणजे प्रोटेक्शनबद्दल. ट्रेडच्या बातमीत चाहते याच ओळीवरून डोळे फिरवून पुढे जातात आणि खरा पैसा तिथेच असतो.

२०२२ मध्ये किंग्जनी अटलांटाकडून केव्हिन हर्टर घेतला आणि पहिल्या फेरीचा एक पिक देणं लागले. अट अशी: २०२४ चा पिक पहिल्या १४ मध्ये आला तर किंग्जकडेच राहणार, २०२५ चा पहिल्या १२ मध्ये आला तर राहणार, २०२६ चा पहिल्या १० मध्ये. २०२४ ला त्यांचा क्रमांक लागला १३. राहिला, त्यातून डेव्हन कार्टर आला. २०२५ ला क्रमांक लागला पुन्हा १३. गेला! एखादा सामना आणखी हरले असते तर शिकागो आणि डॅलस यांच्या बरोबरीत, ३९ विजयांवर आले असते आणि तो पिक हाती राहण्याची बरीच शक्यता होती. त्या पिकाची किंमत काय होती? ड्राफ्टच्या रात्री न्यू ऑर्लिन्सने त्याच १३ व्या क्रमांकासाठी अटलांटाला २३ वा क्रमांक आणि वर २०२६ चा पहिल्या फेरीचा विनाअट पिक दिला. म्हणजे किंग्जच्या एका जादा विजयाचं पीठ दुसऱ्यांच्या घरी दळलं गेलं. वर मीठ असं, की त्याच एप्रिलमध्ये सॅक्रामेंटोत येऊन किंग्जना प्ले-इनमध्ये हरवणारा डॅलस पुढच्या सामन्यात हरून लॉटरीत गेला आणि १.८ टक्के शक्यता असताना पहिला क्रमांक, म्हणजे त्या साली सर्वांत हवाहवासा नवोदित कूपर फ्लॅग, घेऊन आला.

चाळीस विजयांचा हंगाम मला म्हणूनच सर्वांत महाग वाटतो. प्लेऑफ नाही, वरचा पिक नाही, आणि मालकाला मात्र 'थोडक्यात हुकलं' असं वाटत राहतं.

हाच आजार २०१५ मध्येही होता. तेव्हा किंग्जना रेजॉन रॉन्डो, मार्को बेलिनेली आणि कोस्टा कूफस यांच्यासाठी पगारात जागा हवी होती. ती मोकळी करायला त्यांनी निक स्टॉस्कस, कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन फिलाडेल्फियाला दिले, सोबत भविष्यातला पहिल्या फेरीचा एक पिक आणि २०१६ व २०१७ च्या पिकांच्या अदलाबदलीचा हक्क. मिळालं काय? ३३ विजय. रॉन्डो वर्षभरात निघून गेला. २०१७ च्या लॉटरीत किंग्जचं नशीब फळफळलं, त्यांचा क्रमांक तिसरा लागला. फिलाडेल्फियाने हक्क वापरून तो घेतला आणि आपला पाचवा किंग्जच्या हातावर ठेवला. पाचव्यावर फॉक्स आला, तो चांगलाच निघाला. पण तो तिसरा क्रमांक पुढे फिलाडेल्फियाकडून बोस्टनला गेला आणि त्यावर बोस्टनने जेसन टेटमला घेतलं.

उलट, फेब्रुवारी २०१७ मध्ये संघाचा तारा डीमार्कस कझिन्सला विकलं तेव्हा सगळ्यांनी हसून घेतलं. जनरल मॅनेजर व्लाडे डिवाट्स यांनी दोन दिवसांपूर्वी याहून चांगली ऑफर होती असं स्वतःच सांगून टाकल्याने आणखीच. वाटाघाटी म्हणून ते वाक्य भयानक आहे. ट्रेड मात्र योग्य साली केलेला होता: संघ कझिन्सच्या ऐन उमेदीच्या वर्षांत जिंकण्याइतका तयार होणार नव्हता. वर्षभरात त्याचा टाचेमागचा अकिलीज फाटला तो दैवाचा भाग, त्याचं श्रेय डिवाट्सना देऊ नका. पण निर्णयाची दिशा बरोबर होती.

पैशांचं गणित थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय 'लवीनला विकून टाका' म्हणणं सोपं वाटतं. २०२५-२६ साठी पगारमर्यादा सुमारे १५.४६ कोटी डॉलर, जादा पगारावरच्या दंडाची, म्हणजे लक्झरी टॅक्सची रेषा १८.७९ कोटी, आणि त्यावरच्या, जास्त कडक नियम लावणाऱ्या दोन रेषा म्हणजे पहिला एप्रन १९.५९ आणि दुसरा २०.७८ कोटी. पहिल्या एप्रनच्या खाली असाल तर मोठा पगार देऊन साधारण सव्वापट पगार परत घेता येतो. त्याच्या वर गेलात तर दिला त्याहून एक डॉलरही जास्त घेता येत नाही. दुसऱ्याच्या वर गेलात तर दोन लहान करार एकत्र बांधून एक मोठा खेळाडू आणायचीही सोय नाही. म्हणजे पावणेपाच कोटींच्या खेळाडूला गिऱ्हाईक कोण? जिंकणारे श्रीमंत संघ नियमांनी जखडलेले, हरणाऱ्या संघांना तिशीचा, बचाव न करणारा गार्ड नको. उरतात फार थोडे, आणि ते तोंड उघडतात ते पिक मागायलाच. लवीन, सबोनिस आणि डीरोझन या तिघांचे पगार मिळून ११ कोटींच्या वर जात होते, पगारमर्यादेच्या जवळजवळ तीन चतुर्थांश.

मग सगळं मोडायचं? 'हरा, वरचा पिक घ्या, वाट बघा' हा मार्ग ऐकायला स्वच्छ आहे, पण २०१९ मध्ये लॉटरीची शक्यता सपाट केल्यापासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, १४ टक्के होती. सर्वांत वाईट संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. डेट्रॉइटला विचारा. २०२२-२३ मध्ये १७ विजय, लीगमध्ये सर्वांत कमी, पिक पाचवा. २०२३-२४ मध्ये सलग २८ पराभव, एकूण १४ विजय, पुन्हा सर्वांत कमी; पिक पुन्हा पाचवा. पुढच्या हंगामात ते ४४ विजयांवर पोचले ते नव्या व्यवस्थापनाने तरुण पोरांभोवती थ्री मारणारी, शिस्तीची, छोट्या मुदतीच्या करारांची प्रौढ माणसं लावल्यावर. मलिक बीझली एका वर्षाच्या ६० लाख डॉलरच्या करारावर आला आणि त्याने ३१९ थ्री मारले. केड कनिंगहॅम त्यांना आधीच मिळालेला होता, हे खरं. पण नुसत्या पिकांनी त्याच्याभोवती संघ उभा राहिला नाही.

दुसरं उदाहरण ब्रुकलिनचं. २०१३ च्या ट्रेडमध्ये बोस्टनला भविष्य देऊन बसलेला हा संघ २०१६ मध्ये हरतही होता आणि हरून पिकही मिळत नव्हता. जनरल मॅनेजर शॉन मार्क्स यांनी पगारातली मोकळी जागा हीच विक्रीची वस्तू केली: टोरांटोला नकोसा झालेला डीमार कॅरलचा करार घेतला, सोबत पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचा पिक वसूल केला. थॅडियस यंगच्या बदल्यात २० वा क्रमांक घेऊन कॅरिस लेव्हर्ट, बोयान बोगदानोविचच्या बदल्यात मिळालेल्या पिकातून जॅरेट ॲलन. स्पेन्सर डिनविडी विकास लीगमधून, जो हॅरिस दुसऱ्यांनी सोडून दिलेला. २०१८-१९ मध्ये ४२ विजय आणि प्लेऑफ. हे बांधकाम मला फिलाडेल्फियाच्या त्या गाजलेल्या 'प्रोसेस'पेक्षा, म्हणजे मुद्दाम हरत पिक गोळा करण्यापेक्षा, जास्त आवडतं, कारण यात नशिबाचा वाटा कमी आणि कामाचा जास्त.

२०२५ च्या उन्हाळ्यात किंग्जकडे ब्रुकलिनसारखी मोकळी जागा नव्हती. म्हणून माझी योजना चमकदार नसती. लवीनला घालवण्यासाठी एकही पिक जोडला नसता. करार आपोआप संपायला येतो तसा तो पुन्हा विकाऊ होतो, तोवर त्याला खेळू द्यायचं. डीरोझनच्या २०२६-२७ च्या पगारातली फक्त एक कोटी डॉलरची रक्कम पक्की होती, त्यामुळे पैसे वाचवू पाहणाऱ्या संघासाठी तो फेब्रुवारीत कामाचा ठरतो. तेव्हा तो विकायचा, आधी नाही. डेनिस श्रोडरला तीन वर्षांचा, साडेचार कोटींचा करार दिला नसता. खेळाडू बरा आहे, पण त्याने वाढणारे चार-पाच विजय नेमके त्या महागड्या पट्ट्यात नेऊन सोडतात. ती मिनिटं डेव्हन कार्टर आणि किऑन एलिस यांची. कीगन मरेला हात लावायचा नाही. आणि २०२६ चा स्वतःचा पिक किंग्जच्याच मालकीचा राहिला होता, तेव्हा ते एक वर्ष हरण्याला काही अर्थ होता.

हे मालकाला पटवणं अवघड, हे मान्य. रणदिवेंच्या गटाने २०१३ मध्ये संघ विकत घेतला नसता तर तो सिअ‍ॅटलला गेला असता. नवं स्टेडियम २०१६ मध्ये उघडलं, त्यात शहराचाही पैसा आहे. शहराचा मोठ्या लीगमधला स्वतःचा असा हा एकुलता एक संघ. सोळा वर्षं उपाशी राहिलेल्या प्रेक्षकाला आणखी दोन वर्षं थांब म्हणणं व्यवस्थापकाच्या नोकरीवर बेततं. म्हणून मी पहिल्या दिवशी मालकाकडून लेखी साल मागून घेतो. '२०२८' असं एकदा कागदावर आलं की डीरोझनसारखा प्रस्ताव समोर आल्यावर वाद घालावा लागत नाही.

सबोनिसचं म्हणाल तर हो, विक्रीला काढला असता. २०२५ मध्ये तो २९ वर्षांचा, सलग तीन हंगाम लीगमध्ये रिबाउंडमध्ये (हुकलेले शॉट पकडण्यात) पहिला, करार २०२७-२८ पर्यंत, दर वर्षी चार कोटींच्या वर. २०२८ साठी बांधणाऱ्या संघात तो बसत नाही आणि त्याची किंमत दर हंगामात उतरत जाणार. मागणी काय ठेवली असती? एक पिक विनाअट, आणि पंचविशीच्या आतला, दोन-तीन जागांवर बचाव करणारा एक फॉरवर्ड. दोन्ही मिळत नसतील तर फेब्रुवारीपर्यंत थांबलो असतो. डिसेंबरमध्ये कुठल्या ना कुठल्या चांगल्या संघाचा सेंटर जखमी होतोच. एका गोष्टीला मात्र साफ नकार: त्याच ट्रेडमध्ये लवीनलाही घ्या असा आग्रह धरायचा नाही. समोरचा संघ 'घेतो' म्हणेल, आणि सबोनिसच्या बदल्यात मिळणारा पिक लवीनच्या करारात जिरून जाईल.